एक पेला सरबत आणि जठराचा द्वारपाल

माझी एक शाळासोबतीण गेली अनेक वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वजन, मधुमेह आणि रक्तदाब या तिन्हींशी झगडून थकल्यावर तिने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सहा आठवड्यांनी ती शाळेत रुजू झाली आणि चौथ्याच दिवशी परिपाठ चालू असताना, मुलांसमोर उभी असतानाच, तिला घेरी आली. ती खाली कोसळली.

शिक्षकखोलीत धावपळ झाली. कुणी पंखा लावला, कुणी कांदा आणला. एका बाईंनी चटकन लिंबाचं सरबत केलं. अशक्तपणा असेल म्हणून त्यात सहा चमचे साखर घातली आणि पेलाभर सरबत तिला एका दमात प्यायला लावलं. पंधरा मिनिटांनी तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळा आल्या आणि उठायला गेली तर पुन्हा घेरी आली. शेवटी तिला रुग्णालयात नेलं. तिथे शिरेतून सलाइन दिल्यावर ती सावरली.

मी भेटायला गेले तेव्हा तिने विचारलं, “मला पाणी कमी पडलं होतं हे कळलं. पण मग पेलाभर सरबताने बरं वाटायच्या ऐवजी आणखी त्रास का झाला?”

प्रश्न विज्ञानाच्या शिक्षिकेचा होता, त्यामुळे ‘तुला सोसलं नाही’ एवढ्या उत्तरावर भागणार नव्हतं. मी डॉक्टर नाही. पेशींच्या पटलांतून पाणी आणि क्षार कसे ये-जा करतात हा माझ्या कामाचा विषय. पण नेमकं तेच इथे कामाला आलं. उत्तर शोधता शोधता मी १८८१ सालच्या व्हिएन्नात जाऊन पोचले आणि तिथून परत येताना वाट कोलकात्यावरून गेली. तुम्हीही चला.

जठर कापल्यावर काय होतं?

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या शल्यचिकित्सकाने एका त्रेचाळीस वर्षांच्या बाईच्या जठराचा खालचा भाग कापून काढला. तिथे कर्करोगाची गाठ होती आणि अन्न पुढे सरकत नव्हतं. उरलेलं जठर त्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला शिवून टाकलं. त्याआधी १८७९ मध्ये फ्रान्समध्ये पेआँ यांनी आणि १८८० मध्ये पोलंडमध्ये रिडिगिअर यांनी असे प्रयत्न केले होते, पण दोन्ही रुग्ण दगावले होते. बिलरोथची रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचली आणि खाऊपिऊ लागली. कर्करोग आधीच पसरलेला असल्याने ती पुढे सुमारे चारच महिने जगली. पण जठराचा तुकडा काढूनही माणूस जगू शकतो, हे सिद्ध झालं.

त्याच वर्षी बिलरोथचा सहायक अँटोन व्यल्फलर याने दुसरा मार्ग दाखवला. गाठ न काढता जठराला नवं भोक पाडायचं आणि ते थेट आतड्याला जोडायचं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रिया जगभर झाल्या. त्यातल्या बहुतेक कर्करोगासाठी नव्हे, तर जठरातल्या आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणासाठी, म्हणजे अल्सरसाठी होत्या.

आपण शाळेत जठर शिकवतो ते ‘आम्ल आणि पाचकरस सोडणारी पिशवी’ म्हणून. पण या पिशवीच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं. त्याचं पाश्चात्त्य वैद्यकातलं नाव ‘पायलोरस’ हे ग्रीक शब्दावरून आलंय आणि त्याचा अर्थच मुळी ‘द्वारपाल’. जेवल्यावर हा द्वारपाल दार सताड उघडत नाही. घुसळून पातळ झालेलं अन्न तो थोडं थोडं, काही मिलीलिटरच्या घासांनी, पुढे सोडतो. शिवाय आतड्यात पोचलेलं अन्न फार गोड, फार आंबट किंवा फार तेलकट असेल, तर आतड्याकडून निरोप येतो आणि दार आणखी आवळलं जातं. बिलरोथने हा द्वारपालच कापून काढला होता आणि व्यल्फलरने त्याला वळसा घालून चोरवाट केली होती.

त्याचा परिणाम काय होणार, हे तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. द्वारपालाचं काम त्याच्या गैरहजेरीतच कळायचं होतं.

‘डंपिंग’

शस्त्रक्रिया यशस्वी झालेले काही रुग्ण विचित्र तक्रारी घेऊन परत येऊ लागले. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आतच त्यांना गरगरायला लागे, घाम फुटे, छातीत धडधडे, पोटात कळ येई, कधी जुलाब होत. आडवं पडल्यावर बरं वाटे. काही जण तर जेवायलाच घाबरू लागले.

इंग्लंडमध्ये आर्थर हर्ट्झ याने १९१३ मध्ये या तक्रारींचा संबंध जठर फार झपाट्याने रिकामं होण्याशी जोडला. तेव्हा क्ष-किरण नवे होते. रुग्णाला बेरियमचा पांढरा घोल पाजून पडद्यावर पाहिलं, की तो पोटातून कसा जातो ते दिसे. १९२० च्या सुमारास शिकागोत क्लॅरेन्स मिक्स यांनी अशाच रुग्णांमध्ये पाहिलं, की घोल जठरात थांबतच नाही, जवळजवळ सगळाच्या सगळा आतड्यात जाऊन पडतो. ट्रकने मागचा फाळका उघडून वाळू ओतावी तसा. त्यांनी या जठराला ‘डंपिंग’ जठर म्हटलं. ते नाव आजतागायत टिकलंय.

पण नाव दिल्याने कारण कळत नाही. अन्न भराभर आतड्यात पडलं तर फार तर पोट दुखेल. माणसाला घेरी का यावी? आतडं पोटात, मेंदू डोक्यात. मध्ये दुवा कोणता?

कैरीच्या फोडींना सुटलेलं पाणी

हा दुवा तुमच्या स्वयंपाकघरात दरवर्षी दिसतो. लोणच्यासाठी कैरीच्या फोडी करून त्यांना मीठ चोळून ठेवलं, की काही तासांत भांड्याच्या तळाशी पाणी जमतं. ते कुणी ओतलेलं नसतं. फोडींच्या आतलं पाणी पेशींच्या पटलातून बाहेर, जिथे मीठ जास्त आहे तिकडे, आलेलं असतं. मनुका साध्या पाण्यात टाकल्या तर उलट होतं. त्या पाणी घेऊन फुगतात.

हेच परासरण. १७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले याने दारूच्या अर्काने भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पातळ कातडीने बांधलं आणि ते पाण्यात बुडवलं. पाणी आत शिरून कातडी फुगून वर आली. पुढे १८८० च्या दशकात व्हान्ट हॉफ याने या ओढीचं गणित मांडलं. १९०१ चं, म्हणजे रसायनशास्त्राचं अगदी पहिलं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं, ते या आणि अशा कामासाठी. त्याच्या गणिताचं मर्म असं, की पाणी किती जोराने ओढलं जाईल हे विरघळलेल्या कणांच्या वजनावर नव्हे, तर त्यांच्या संख्येवर ठरतं.

आता आपल्या रक्तात दर लिटरमागे विरघळलेल्या कणांचं प्रमाण सुमारे २९० एकक असतं. (हे एकक म्हणजे मिलिऑस्मोल. नाव विसरलात तरी चालेल, आकडा लक्षात ठेवा.) मैत्रिणीच्या सरबताचं काय? सहा चमचे म्हणजे साधारण ३० ग्रॅम साखर, पेला २०० मिलीलिटरचा. म्हणजे लिटरला १५० ग्रॅम. साखरेचा रेणुभार ३४२. भागाकार केला तर सुमारे ४४० एकक. पण गोष्ट इथे थांबत नाही. आतड्याच्या अस्तरावर साखरेच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. कणांची संख्या दुप्पट झाली. आता ८८० एकक, म्हणजे रक्ताच्या तिप्पट!

या ३० ग्रॅम साखरेला रक्ताइतकं पातळ करायला एकूण सुमारे ६०० मिलीलिटर पाणी लागेल. सरबतात होतं २००. उरलेलं ४०० मिलीलिटर कुठून येणार? आतड्याच्या भिंतीतल्या केशवाहिन्यांतून, म्हणजेच रक्तातून. प्रत्यक्षात साखर त्याच वेळी शोषलीही जात असते, म्हणून इतकं पाणी ओढलं जात नाही. हा वरचा अंदाज समजा. पण आपल्या शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम अडीच-तीन लिटर. त्यातलं थोडं जरी झपाट्याने आतड्यात उतरलं तरी फरक पडणारच.

द्वारपाल जागेवर असेल तर तेच सरबत तो थोडं थोडं सोडतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. द्वारपाल नसेल तर सगळं एकदम.

हे नुसतं गणित नाही. १९४९ मध्ये फिलाडेल्फियात मॅशेला यांनी जठर कापलेल्या रुग्णांच्या आतड्यात तीव्र द्रावणं सोडून डंपिंगच्या तक्रारी मुद्दाम निर्माण करून दाखवल्या. त्यांचा भर आतडं ताणलं जाण्यावर होता. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट्स, रँडल आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: या वेळी रक्ताचं काय होतं? त्यांना आढळलं की रक्तद्रवाचं आकारमान खरोखरच घटतं. आजही या आजाराची खात्री करायची तर रुग्णाला ग्लुकोजचं द्रावण पाजतात आणि दोन गोष्टी पाहतात: नाडी अर्ध्या तासात मिनिटाला दहा किंवा जास्त ठोक्यांनी वाढली का, आणि रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण वाढलं का. तांबड्या पेशी अर्ध्या तासात नव्याने तयार होत नाहीत. त्यांचं प्रमाण वाढलं याचा अर्थ भोवतालचं पाणी कमी झालं. आमटी आटली की डाळ दाट दिसते, तसं.

मात्र परासरणाने सगळं उलगडतं असंही नाही. शिरेतून पाणी देऊन रक्तद्रव भरून काढला, तरी काही रुग्णांच्या तक्रारी थांबत नाहीत. आतड्यात अन्न एकदम पडलं की तिथून अनेक संप्रेरकं सुटतात. त्यांतली काही रक्तवाहिन्या सैल करतात आणि रक्त पोटाकडे वळतं. शरीराचं कुठलंही कोडं एका किल्लीने उघडत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला ही चांगली जागा आहे.

अल्सर गेला, डंपिंग परत आलं

इथपर्यंतची गोष्ट अल्सरच्या रुग्णांची झाली. मग वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया कुठून आल्या?

१९५४ मध्येच अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन, लिनर आणि सहकारी कुत्र्यांवर प्रयोग करत होते. लहान आतड्याचा कुठला भाग काढला तर पोषणावर काय परिणाम होतो, हा त्यांचा प्रश्न. आतड्याचा मोठा भाग वगळला तर वजन उतरतं, हे दिसल्यावर माणसांमध्येही हा मार्ग वापरला जाऊ लागला. १९६० च्या दशकात पेन आणि डिविंड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत लहान आतड्याच्या सुरुवातीचे १४ इंच शेवटच्या ४ इंचांना जोडत. मधलं सारं आतडं पोटात राही, पण अन्न तिथून जाईना. वजन झरझर उतरे. पण सतत जुलाब होत, शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम वाहून जाई, मूत्रपिंडात खडे होत आणि काहींचं यकृत निकामी होई. काही रुग्ण यात दगावले. १९८० च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ सोडून दिली गेली.

दरम्यान आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांना वेगळीच गोष्ट जाणवली होती. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेले रुग्ण बारीक राहतात, त्यांचं वजन वाढता वाढत नाही. अल्सरच्या शस्त्रक्रियेतला हा दोष लठ्ठपणावरचा उपाय का होऊ नये? १९६६ मध्ये मेसन आणि चिकाशी इटो यांनी जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट आतड्याला जोडला. जठराला वळसा घालणारी ही ‘गॅस्ट्रिक बायपास’ शस्त्रक्रिया. तिची माहिती १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या रूपात हा कप्पा साधारण ३० मिलीलिटरचा असतो, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. मेसन डिसेंबर २०२० मध्ये वारले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

यानंतर इतिहासाने एक वळण घेतलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांनी दाखवलं, की अल्सरच्या मागे बहुतेक वेळा एक जिवाणू असतो. आम्ल कमी करणारी औषधंही आली. अल्सरसाठी जठर कापणं जवळपास संपलं. २००५ मध्ये मार्शल आणि वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. डंपिंग आता जुन्या पुस्तकांतच राहील असं वाटत असताना वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. १९९० च्या दशकात त्या दुर्बिणीतून, पोटाला छोटी छिद्रं पाडून होऊ लागल्या. नंतर जठराची उभी नळी करण्याची ‘स्लीव्ह’ पद्धत आली. डंपिंग परत आलं. स्लीव्हमध्ये द्वारपाल शाबूत राहतो, तरी अरुंद नळीतला दाब वाढून जठर लवकर रिकामं होतं. त्यामुळे तिथेही काहींना हा त्रास होतो.

गंमत म्हणजे काही शल्यचिकित्सकांना बायपासनंतरचं डंपिंग हवंसंच वाटे. गोड खाल्लं की त्रास होईल, म्हणून रुग्ण गोडापासून दूर राहील, असा हिशोब. पण ज्यांना डंपिंग जास्त त्यांचं वजन जास्त उतरतं, असं पुढच्या अभ्यासांत काही दिसलं नाही.

आधी पाणी कमी का पडलं?

मैत्रिणीला पहिली घेरी आली ती सरबताच्या आधी. तिचं कारण साधं, पण दुर्लक्षित. प्रौढ माणसाचं जठर एका वेळी लिटरभर सहज मावून घेतं. तहान लागली की आपण तांब्याभर पाणी घटाघटा पितो आणि विसरतो. ३० मिलीलिटरच्या कप्प्याला हे जमत नाही. शस्त्रक्रियेनंतर पाणी घोट घोट, दिवसभर प्यावं लागतं, दीड लिटर तरी भरेपर्यंत. शिवाय जेवताना पाणी प्यायचं नाही, मध्ये अर्धा तास सोडायचा, अशी सूचना असते. जेवणही चार घास, त्यामुळे आमटी-भातातून जे पाणी एरवी नकळत मिळतं तेही नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत इन्शुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात; मिठाबरोबर पाणीही जातं. त्यात उलट्या झाल्या तर विचारूच नका. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात रुग्णालयात परत यावं लागण्याच्या प्रमुख कारणांमध्ये शरीरातलं पाणी कमी होणं मोडतं, ते यामुळेच.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. निरोगी माणसात रक्तवाहिन्या लगेच आवळतात, नाडी थोडी वाढते आणि मेंदूला रक्त पुरतं. रक्तच कमी असेल तर हा तोल सांभाळता येत नाही आणि घेरी येते. वजन उतरल्यावर पूर्वीची रक्तदाबाची मात्राही जास्त ठरू शकते. ती डॉक्टरांकडून वेळच्या वेळी कमी करून घ्यावी लागते. मैत्रिणीच्या जुन्या गोळ्या तशाच चालू होत्या.

आणि तिने पाणी का प्यायलं नव्हतं? हे विचारल्यावर ती थोडी संकोचली. मग म्हणाली, “आमच्याकडचं बायकांचं स्वच्छतागृह तुला माहीत नाही. गेली वीस वर्षं सकाळी शाळेत येताना पाणी टाळायची सवयच झालीय.” सकाळी सहापासून परिपाठापर्यंत तिने चहाचे दोन घोट घेतले होते. एरवी अशा दिवसाचं पाणी ती संध्याकाळी घरी जाऊन तांब्याभर पिऊन भरून काढायची. आता ती सोय राहिली नव्हती. कितीतरी शिक्षिका आणि मुली असं पाणी टाळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच साखरेचा दुसरा गुण

आता कोलकात्याची वाट. पटकी, म्हणजे कॉलरा, झालेल्या माणसाचं पाणी इतकं जातं, की काही तासांत प्राण जातो. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये साथ आली तेव्हा ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासून सांगितलं, की त्यातलं पाणी आणि क्षार कमी झालेत. १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये थॉमस लाट्टा याने मिठाचं पाणी थेट शिरेत सोडून काही जण वाचवलेही. पण खेड्यापाड्यांत, साथीच्या गर्दीत शिरेतून पाणी कोण देणार? आणि नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते शोषलं जात नव्हतं.

१९५३ मध्ये कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी पटकीच्या १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पाजून बरं केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. असं का होतं याचं उत्तर १९६० मध्ये मिळालं. प्रागमधल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन याने मांडलं, की आतड्याच्या पेशींवरचा एक वाहक ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेतो. एकटं सोडियम बाहेर तिष्ठत राहतं. ग्लुकोज हात धरायला आलं की दोघं आत जातात. आणि त्यांच्यामागोमाग पाणी. पटकीतही हा वाहक शाबूत असतो.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या करून घेतल्या आणि पिपात कालवून लोकांना प्यायला दिल्या. पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होतं, ते ३.६ वर आलं. महालनोबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. त्यांची पुडी म्हणजेच आपली जलसंजीवनी.

आता वहीत त्या पुडीचे कण मोजा. ग्लुकोजचा रेणुभार १८०. २२ ग्रॅमचे १२२ एकक. मिठाचे पाण्यात दोन कण होतात, सोडियम आणि क्लोराइड. साडेतीन ग्रॅमचे १२०. खाण्याच्या सोड्याचेही दोन. अडीच ग्रॅमचे ६०. बेरीज ३०२, म्हणजे जवळजवळ रक्ताइतकीच. त्यामुळे पाणी उलट ओढलं जात नाही आणि जोडवाहक ते आत नेतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हे मिश्रण आणखी पातळ केलं. जुनं ३११ एककांचं होतं. २००२ पासून शिफारस केलेलं २४५ चं आहे आणि त्याने जुलाब आणखी कमी होतात. साखर जास्त घालावी तितकं बरं, हा समज इथे साफ खोटा ठरतो.

मैत्रिणीला मी दोन्ही बेरजा शेजारी शेजारी लिहून दाखवल्या. ८८० आणि ३०२. एकात साखरेने रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं, दुसऱ्यात साखरच आतड्यातलं पाणी रक्तात नेते. फरक साखरेचा नाही, तिच्या प्रमाणाचा आणि सोबतच्या मिठाचा.

शिक्षकखोलीसाठी चार गोष्टी

अशी शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती तुमच्या शाळेतही असेल. तिला घेरी आली तर आधी आडवं झोपवा, पाय थोडे उंच करा, उठवायची घाई करू नका. पूर्ण शुद्ध आल्याखेरीज तोंडात काही घालू नका. शुद्ध आल्यावर साधं पाणी किंवा पुडीवरच्या सूचनेप्रमाणे नीट मापाने केलेली जलसंजीवनी घोट घोट द्या आणि डॉक्टरांना दाखवा. कारण घेरी नेहमी पाण्याच्या कमतरतेचीच असते असं नाही. आतला रक्तस्राव, हृदयाची तक्रार अशी गंभीर कारणंही असू शकतात.

एक अपवाद नीट ध्यानात ठेवा. जेवणानंतर एक ते तीन तासांनी येणारी घेरी वेगळी असू शकते. साखर एकदम शोषली गेल्याने इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि रक्तातली साखर नंतर फार खाली जाते. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांतही असं होतं. साखर खरोखर उतरली असेल तर त्या क्षणी साखर द्यावीच लागते. म्हणून शक्य असेल तर आधी रक्तातली साखर मोजावी.

वर्गात करायचा प्रयोग सोपा आहे. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या तीन पट्ट्या कापा. एक साध्या पाण्यात, दुसरी जलसंजीवनीत, तिसरी साखरेच्या दाट पाकात ठेवा. दोन तासांनी लांबी मोजा आणि पट्ट्या वाकवून पाहा. कुठली ताठ झाली, कुठली लुळी पडली? मग मुलांना विचारा, तिसरी पट्टी जर आपलं रक्त असेल तर?

मैत्रीण हा प्रयोग आता दरवर्षी करते. तिच्या टेबलावर एक छोटी बाटली असते आणि प्रत्येक तासाच्या घंटेला ती दोन घोट घेते. मुख्याध्यापकांकडे तिने शिक्षिकांच्या स्वच्छतागृहासाठी अर्ज दिला. त्याच्या शेवटी तिने एका माणसाला दिवसाकाठी किती पाणी लागतं, याचा हिशोबही लिहिला होता. स्वच्छतागृह दुरुस्त झालं. ती म्हणते, आता वर्गातल्या मुलीही बाटल्या आणू लागल्यात.